आगाऊ साक्ष

आमच्या चर्चमध्ये उपदेशाच्या आधी पाळकसाहेब एक प्रश्न विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" कोर्टातली साक्ष नव्हे. आठवडाभरात देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सगळ्या मंडळीसमोर सांगायचं, याला आम्ही साक्ष म्हणतो. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या पोराला शेंद्र्याला कंपनीत लावून घेतलेलं असतं, कुणाची चुकलेली शेळी घरी आलेली असते. सांगणारा सांगतो आणि बाकीचे "देवाची स्तुती असो" म्हणतात. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून तो प्रश्न आला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण माझी आई उठायची.

ती कशासाठीही उठायची. दूध नासायचं वाचलं म्हणून उठायची. बस चुकली आणि मागच्या बसला जागा मिळाली म्हणून उठायची. एकदा तर गॅसवर ठेवून विसरलेली डाळ करपली नाही म्हणून उठली. माझ्या वर्गातल्या मुली पुढच्या बाकावर बसून खुसुखुसु हसत होत्या आणि ही आपली डोक्यावरचा पदर सारखा करत कुकरच्या शिट्ट्यांचं रसभरीत वर्णन करत होती! जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटायचं मला. पप्पांनी यावर आपला एक तोडगा काढला होता. ते शेवटच्या बाकावर दाराशी बसायचे, आणि पाळकसाहेबांनी तो प्रश्न विचारला की स्कूटरचं काहीतरी बघायला म्हणून बाहेर जायचे. आमची स्कूटर फक्त रविवारी सकाळीच बिघडायची.

आईचा आणखी एक शब्द होता, फजित. लोक फजिती म्हणतात ती हसण्यावारी न्यायची गोष्ट. आमच्या प्रार्थनेतल्या जुन्या मराठीत मात्र तो फार गंभीर शब्द आहे. ज्यानं देवावर भरवसा ठेवला त्याला चारचौघांत खाली मान घालायला लागणं, म्हणजे फजित होणं. रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही तिघं बसायचो, आई मोठ्यानं प्रार्थना करायची आणि शेवटी हमखास म्हणायची, "प्रभू, आमाला फजित होऊ देऊ नको." ती मूळची लासूर स्टेशनकडची. शहरात इतकी वर्षं राहूनही देवाशी बोलताना तिची भाषा तिकडचीच व्हायची. तिथं तिला भीड पडायची नाही.

तर त्या दुष्काळाच्या वर्षांची गोष्ट. आता या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात, तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. पाऊस लागोपाठ दगा देत होता आणि शहर मात्र जालना रोडनं करमाडच्या दिशेला सुसाट पळत सुटलं होतं. काल जिथं ज्वारी उभी होती तिथं आज चुन्याच्या रेघा. छावणीतल्या भाड्याच्या खोल्या सोडून आम्हीही अशाच एका रेघांमधल्या प्लॉटवर घर बांधलं. गुंठेवारीतली वस्ती. रस्ता कच्चा, गटार नाही, आणि नळाची लाइन येणार, येणार, असं प्रत्येक निवडणुकीला ऐकायचं. पाणी टँकरचं. टँकर आला की पाईप ओढायला बायकांची जी झोंबाझोंबी व्हायची, तिच्यात मी एम.ए. झालेली मुलगी, एका कॉलेजात ताशी शिकवणारी, केस मोकळे सुटलेले आणि सलवार गुडघ्यापर्यंत भिजलेली अशी असायचे. तेव्हा नुकतंच माझं शिकवणं सुरू झालं होतं, आणि एकदा माझ्याच वर्गातला विद्यार्थी त्याच्या आईसाठी रांगेत उभा होता. "मॅडम, तुम्ही व्हा पुढं," म्हणाला. त्या दिवशी घरी येऊन मी बादली आपटली.

म्हणून बोर मारायचं ठरलं.

शेजारचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी धरणं आणि कालवे बघण्यात गेलेली. पण स्वतःच्या अंगणात बोर मारायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो माणूस अंगणभर फिरला. एका ठिकाणी नारळ उभा राहिला म्हणे. तिथं मशीन लावलं आणि खरंच पाणी लागलं. काका भिंतीवरून वाकून म्हणाले, "वहिनी, त्यालाच पाठवून देऊ का तुमच्याकडं? आमच्या खात्यात इतकी यंत्रं होती, पण शेवटी नारळच खरा."

पप्पांचे डोळे चमकले. आई म्हणाली, "नको भाऊजी. आमी प्रार्थना करून जागा ठरवू."

तिनं खरंच ठरवली. सकाळी अंगणात पदर खोचून फिरली, ओठ हलत होते, आणि धुणं धुवायच्या दगडाजवळ थांबली. तिथंच गुडघे टेकले. काका गच्चीवर पेपर वाचत होते. वाचत कसले, बघत होते. मी खिडकीत उभी होते आणि मनात म्हणत होते, आई, आत जाऊन कर गं बाई, आत जाऊन! पप्पा पुटपुटले, "धुण्याच्या दगडाजवळ पाणी असणारच, रोज आपणच सांडतो." पण जागा तीच ठरली.

सोमवारी बोरची गाडी यायची होती. आदल्या दिवशी रविवार. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला, पप्पा स्कूटर बघायला गेले, आई उठली. मला वाटलं, उद्याच्या बोरसाठी प्रार्थना करा असं सांगेल. ती म्हणाली, "मंडळी, देवानं आमच्या अंगणात पाणी दिलं. सगळ्यांनी त्याचे आभार माना. आणि पाणी आमच्या एकट्याचं नाय. ज्याला लागंल त्यानं यावं आणि भरून न्यावं."

"देवाची स्तुती असो!" सगळं चर्च दणाणलं. दुष्काळात पाणी लागल्याची बातमी, आवाज का चढणार नाही? करमाडहून बसनं येणारी एक आजी होती, वाकलेली, ठेंगणी, तोंडानं फटकळ. तिनं तर दोन्ही हात वर केले. मी आईच्या पदराला हिसका दिला. तिनं माझा हात बाजूला केला.

घरी जेवताना पप्पांना हे कळलं आणि घास हातातच राहिला.

"अगं, मशीन उद्या येणारंय. पाणी दिलं कधी?"

"मागताना 'दे' म्हणायचं. विश्वास ठेवताना 'दिलं' म्हणायचं," आई म्हणाली, वरण वाढत.

"ह्याला साक्ष नाही म्हणत. ह्याला आगाऊपणा म्हणतात."

"आगाऊच हाय. आगाऊ साक्ष." आणि हसली. आपल्याला काहीतरी छान सुचलं म्हणून हसते ना माणूस, तशी.

सोमवारी गाडी आली. त्या गाडीवरची पोरं तमिळ होती, हातवाऱ्यांनी बोलायची. मशीनचा आवाज असा की घरातली भांडी मांडणीवर थरथरत होती. जमिनीतून भुकटी उडायला लागली, आधी तांबूस, मग करडी. ही भुकटी ओली झाली की समजायचं पाणी जवळ आलं. पप्पा दर थोड्या वेळानं मूठभर भुकटी उचलून दाबून बघायचे. कोरडी. आई बघायची. कोरडी. झाडांवर, कपड्यांवर, खिडक्यांच्या गजांवर, आमच्या पापण्यांवर करडा थर बसला. रॉडला रॉड जोडत पोरं खाली खाली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीवाल्यानं मशीन बंद केलं आणि पप्पांकडं बघून हाताचा पंजा हलवला. खल्लास.

त्या शांततेत काका भिंतीपलीकडून म्हणाले, "अरेरे." मनापासून म्हणाले, वाईट माणूस नव्हता तो. पण त्या 'अरेरे'नं माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गाडी गेली. पप्पा बनियनवर अंगणात बसून डोक्यावरची भुकटी झटकत होते. आई हातात खराटा घेऊन नुसतीच उभी होती. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी खंजिरी वाजली.

मंडळी आली होती. ॲपे रिक्षातून बायका उतरत होत्या, गाणं म्हणत. कुणाच्या कमरेवर कळशी, कुणाच्या हातात निळा कॅन, कुणी तेलाचे डबे दोरीनं बांधून आणलेले. मागं पाळकसाहेब स्कूटरवर, पायाशी दोन कॅन. करमाडची आजी सगळ्यांत पुढं, पोचे आलेला पितळी हंडा डोक्यावर घेऊन. आईनं बोलावलं होतं ना! सगळी गल्ली दारात आली. काका गच्चीवर आले. गाणं म्हणत म्हणत ती माणसं आमच्या फाटकातून आत शिरली आणि करड्या ढिगाऱ्याजवळ येऊन थांबली. गाणं कुठल्या ओळीवर तुटलं ते आजही मला सांगता येईल, पण ते गाणं मी तेव्हापासून म्हणत नाही.

पाळकसाहेबांच्या काही लक्षात आलं नाही. ते हसऱ्या चेहऱ्यानं म्हणाले, "आधी आभाराची प्रार्थना करू या."

माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "पाळकसाहेब, पाणी लागलं नाही. प्रार्थना करायची तर करा, पण आभाराची करू नका."

मग आजीनं डोक्यावरचा हंडा उतरवला, ढिगाऱ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "मंग परवा देवाम्होरं काय बोल्लीस गं बाई तू?"

सबंध आयुष्यात देवाच्या विषयावर आईला शब्द सापडला नाही असं मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी म्हणाली, "आजी, बसा. चहा टाकते." पिंपात टँकरचं पाणी तळाला गेलेलं. त्यातूनच तिनं सगळ्यांना चहा केला. पाळकसाहेब "देवाची वेळ वेगळी असते" असं काहीतरी बोलले. चहा झाला, लोक उठले. ॲपे गल्लीतून जाईपर्यंत रिकामी भांडी एकमेकांवर आदळत होती. आणि सगळी गल्ली ते ऐकत होती.

संध्याकाळी आम्ही तिघं प्रार्थनेला बसलो. आई गप्प. मग पप्पांना म्हणाली, "तुमी करा."

पप्पांना प्रभूची प्रार्थना तेवढी पाठ होती. ती त्यांनी पाढे म्हणावेत तशी म्हटली आणि आमेन. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडा गेला, महिना गेला, तेच. आई बसायची, डोळे मिटायची, पण तिचा आवाज गेला तो गेलाच. चर्चमध्ये प्रश्न यायचा, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" आणि ती मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत बसायची. माझी इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली होती. पण ती खाली मान घालून बसायची ते मला बघवायचं नाही. ती उठायची त्यापेक्षा ते बसणं जास्त लाजिरवाणं होतं.

मला राग आला होता. आईचा आला होता, पण त्याहून जास्त देवाचा. खरं सांगते, मी त्याच्याशी भांडले. तुला काय जड होतं? समुद्र तुझे, ढग तुझे, आणि एका भाबड्या बाईच्या शब्दाला जागायला तुझ्याकडं चार घागरी नव्हत्या? नारळाला दिलंस! नारळाच्या शेंडीला दिलंस आणि गुडघे टेकणारीला भुकटी दिलीस! हे मी मोठ्यानं कुणाला बोलले नाही. कॉलेजला जाताना स्कुटीवर, जालना रोडच्या ट्रकांच्या आवाजात बोलायचे.

आईला एकदाच टोचून म्हणाले, "तू देवाला तोंडघशी पाडलंस."

"देवाला काय व्हतंय," ती म्हणाली. "मी पडले. मी त्याच्या नावावर खोटं बोल्ले." आणि भांडी घासत राहिली.

तिचं दुखणं पाण्याचं नव्हतंच. पाण्याची सोय तर झाली. काकांनी आपणहून भिंतीवरून पाईप टाकला. "वहिनी, संकोच करू नका," म्हणाले. संकोच! पप्पा त्या पाण्याला 'नारळपाणी' म्हणायचे, हळू आवाजात, आणि हसायचे. आई हसायची नाही. रोज संध्याकाळी काका मोटार लावायचे आणि भिंतीवरून हाक मारायचे, "सोडू का?" मी पिंप लावून उभी राहायचे आणि रोज तीच लाज नव्यानं वाटायची. बोरचा पाईप अंगणात वीतभर वर आलेला. आईनं त्यावर घमेलं उपडं घातलं आणि वर दगड ठेवला. धुणं ती आता मोरीत धुवायची.

पाऊस पुन्हा आला नाही. पिकं गेली, आणि उपजाचा सण आला.

हा आमच्या चर्चचा सण. शेतातलं पहिलं आलेलं देवासमोर आणून ठेवायचं. कणसं, तूर, भोपळे, कोंबडी, अंडी, ज्याचं जे असेल ते. भक्ती, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की त्याच वस्तूंचा लिलाव होतो. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटेल. त्या लिलावात एखादं लिंबू पोत्यापेक्षा चढ्या बोलीला जातं, कारण बोली लिंबावर नसतेच, ज्यानं आणलं त्याच्या मानावर असते. आपल्याच घरच्या वस्तूवर बोली लावायची नाही, एवढा नियम. आणि ज्याच्या वस्तूला कुणीच बोली लावत नाही, त्या माणसानं तोंड कुठं लपवायचं?

त्या वर्षी टेबलावर बघवत नव्हतं. बोटाएवढी बाजरीची कणसं, तुरीच्या पोचट शेंगा, एक रोड कोंबडी. ज्यांच्या शेतांचे प्लॉट झाले होते त्यांनी साखरेची पाकिटं आणि बिस्किटांचे पुडे आणले होते. आईच्या हातात स्टीलचा डबा होता, वर क्रोशाचा रुमाल. मला वाटलं शंकरपाळे असतील. आम्ही शहरातले लोक तेच न्यायचो.

ती पुढं गेली. टेबलाशी पोहोचली, रुमाल काढला, झाकण काढलं आणि डबा ठेवला. मग परत फिरण्याऐवजी मंडळीकडं तोंड करून उभी राहिली. पाळकसाहेबांनी अजून कुणाला काही विचारलंही नव्हतं. मागं दाराशी पप्पा उठलेले मला दिसले.

"उन्हाळ्यात मी हितंच उभी राहून म्हणले, देवानं आमाला पाणी दिलं," आई म्हणाली. "दिलं नव्हतं. बोर उद्या व्हती आणि मी आज बोल्ले. तुमी भांडी घेऊन आला आणि रिकामे गेला. मी खोटं बोल्ले, देवाच्या नावावर. मला वाटलं व्हतं, मी आधी बोल्ले म्हंजे त्याला द्यावंच लागंल."

कुणीतरी खोकलं.

"आमच्या बोरला भुकटी लागली. ह्या साली आमच्या जमिनीतून दुसरं काय निघालं नाय. हाच आमचा उपज, म्हणून हाच आणला." तिनं डब्याला हात लावला. "आज मला काय मिळालेलं नाय, आणि मागायचं पण नाय. पण तो चांगला हाय. एवढंच बोलायचं व्हतं. मधे लई महिने माझ्या तोंडून निघत नव्हतं."

ती खाली आली. "देवाची स्तुती असो" कुणी म्हटलं नाही. कशाला म्हणायचं, हेच लोकांना कळलं नसावं. मागच्या बाकावरच्या दोन पोरी खुसुखुसु हसल्या. आई माझ्या शेजारी येऊन बसली तेव्हा मला, देवा, मला त्या बाकावरून उठून पळून जावंसं वाटत होतं.

भक्ती संपली, लिलाव सुरू झाला. लिलाव करायचे ते दुसरे एक काका, निवृत्त बस-कंडक्टर, आवाज स्टँडवर घडलेला, जीभ चुरचुरीत. "चला, कोंबडी! अंडी देत नाही पण गाणं म्हणते! बोला!" लोक हसत होते, बोली चढत होती. कणसं गेली, शेंगा गेल्या, बिस्किटंसुद्धा गेली. कंडक्टरकाकांचा हात डब्यावर आला. त्यांनी आत पाहिलं, पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांनी डोळ्यांनी खूण केली, राहू द्या. आईची लाज वाचवायलाच केली असणार. डबा टेबलाखाली गेला. आईनं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

"एक डबा राहिला."

दाराकडून आवाज आला. पप्पा उभे होते. स्कूटर बघायला गेलेच नव्हते.

"साहेब, ते जरा..." कंडक्टरकाका चाचरले.

"टेबलावर आलेलं सगळं लिलावात जातं. आमच्या घरचं आहे म्हणून मला बोली लावता येत नाही. पण तुम्ही पुकारा."

कंडक्टरकाकांनी डबा वर घेतला. त्यांच्यासारख्या माणसालाही काय पुकारावं सुचेना. "हा... बोरचा उपज. बोला."

कुणी बोललं नाही. पंखे फिरत होते. मी बाकाच्या फळीवरच्या खिळ्याकडं बघत राहिले. पप्पांनी हे काय केलं? झाकलेलं होतं ते उघडं केलं. कुणाला हवी भुकटी? कंडक्टरकाकांनी पुन्हा म्हटलं, "बोला," या खेपेला हळू. आईनं डोळे मिटले होते. त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं, हे आता कुणीच बोललं नाही तर ही बाई पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

"आण हिकडं."

करमाडची आजी उठली होती. बाकाला धरून, वाकून. कमरेची चंची सोडत होती. "ह्यात हाय ते सगळं."

"आजी, भुकटी आहे त्यात," कंडक्टरकाका म्हणाले.

"माझे डोळे गेलेत, कान नाय. ऐकलं मी." तिनं चंची टेबलावर ठेवली आणि आईकडं वळली. "खोटं बोल्लीस तवा हंडा घेऊन आले तुझ्या दारात. आता खरं बोल्लीस, तर रिकामी जाऊ व्हय?"

मागून कुणीतरी चढी बोली लावली, मग आणखी कुणीतरी. "गप बसा रं!" आजी ओरडली. "माझी बोली झाली." कंडक्टरकाकांनी एक वार, दोन वार, तीन वार म्हटलं. आजीनं भुकटी आपल्या पिशवीत ओतून घेतली, थोडी जमिनीवर सांडली. डबा आईच्या हातात दिला. "हा घे तुझा. स्टीलचा हाय." आणि आईनं तो डबा छातीशी धरून जे रडायला सुरुवात केली, ती काही केल्या थांबेना.

त्या संध्याकाळी पप्पांनी पाढे म्हणायला तोंड उघडलं आणि आई म्हणाली, "थांबा." मग तिनं प्रार्थना केली. मोठ्यानं, लासूरकडच्या बोलीत, नेहमीसारखी लांबलचक. वरण गार झालं. काकांच्या बोरचं पाणी टिकू दे, असंही मागितलं. शेवटाला आली, "प्रभू, आमाला फजित..." म्हणाली आणि अडली. मी एक डोळा उघडून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू येत होतं.

"फजित झालो, प्रभू," ती म्हणाली. "झालो आणि हितंच हाओत, तुझ्याम्होरं. आमेन."

बोर कोरडी ती कोरडीच राहिली. पुढं नळ आला, गल्ली पक्की झाली, घमेल्याखालचा पाईप फरशीत गेला. करमाडची आजी गेली, शेजारचे काका मुलाकडं पुण्याला गेले. आई दर रविवारी उठत राहिली, करपलेल्या आणि न करपलेल्या डाळींसाठी, आणि मला दर रविवारी लाज वाटत राहिली. वय वाढलं म्हणून ती काही कमी झाली नाही.

मागच्या वर्षी आई गेली. बराच काळ अंथरुणावर होती, फार हाल झाले तिचे. आम्ही बरं होण्यासाठी मागितलं, ते मिळालं नाही. पुरायच्या आधी तिला चर्चमध्ये आणलं होतं. पेटीसमोर उभे राहून नव्या पाळकसाहेबांनी विचारलं, "या बहिणीसाठी कुणाला साक्ष द्यायची आहे का?"

कुणी उठलं नाही. उठणारी पेटीत होती. पप्पा काठी टेकून पुढच्या बाकावर बसले होते. ते माझ्याकडं बघत होते.

माझ्या पोटात गोळा आला. मी उठले. सगळं चर्च माझ्याकडं बघत होतं. माझ्या वर्गात शिकलेली माणसं होती त्यात. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की आवाज निघेना. मला काही मिळालेलं नव्हतं आणि मागायलाही काही उरलं नव्हतं.

"तो चांगला हाय," मी म्हटलं, तिच्याच बोलीत, आणि खाली बसले.